संशोधन बाळंतिणीच्या खोलीपर्यंत



आरोग्य-संशोधनाची अखेरची कसोटी बाळंतिणीच्या खोलीत लागते. गडचिरोली जिल्ह्यातील एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ मध्ये ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी सेवा सुरू केली. त्या त्या गावातील, शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, तसेच जंतुसंसर्ग ओळखून औषध व इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. अन्य ४७ गावांत नेहमीच्याच सेवा चालू होत्या. तेथीलही जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. ही तुलना नसती, तर अन्य कारणांनी झालेल्या सुधारणेचे श्रेयही प्रयोगास दिले गेले असते. सेवेच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी दर हजार जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा स्वयंसेविकांमार्फत घरोघरी नवजात सेवेचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला.

या कार्यक्रमानुसार पहिल्या ४२ दिवसांत, दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा व घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरलेल्या आहेत. मात्र एक फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गडचिरोलीच्या प्रयोगात इंजेक्शन घरीच मिळत होते. आशांकडे ते काम नाही. आजार ओळखून बाळाला दवाखान्यात पाठविणे ही त्यांची मुख्य जबाबदारी होय. म्हणजेच उपायाचा उरलेला भाग वाहनावर आणि दवाखान्यावर अवलंबून आहे. वाहन वेळेवर न मिळाल्यास अचूक निदानही व्यर्थ ठरते.

येथेच ग्रामपंचायतीचे कर्तव्य सुरू होते. १०२ किंवा १०८ क्रमांकाची गाडी न पोहोचल्यास गावातील कोणते वाहन निघेल, हे आधीच ठरलेले असावे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुलीची माहिती तेथील आशांना कळवावी. अन्यथा दोन्ही गावांच्या नोंदवहीतून ते बाळ निसटते. अधिकाऱ्यांनी भेटींची संख्या तपासताना वजनकाटा व तापमापक चालू आहेत की नाहीत, हेही पाहावे. शिक्षकांनी पालकसभेत धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत : बाळाने दूध ओढणे थांबविणे, अंग थंड किंवा तापलेले असणे, छाती आत ओढली जाणे, शांत असताना मिनिटास ६० किंवा अधिक श्वास असणे. यांपैकी एकही लक्षण दिसताच विलंब न लावता दवाखाना गाठावा.

गडचिरोलीच्या गावांनी पुरावा दिला आहे. आता आपल्या गावात या महिन्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या दारी ठरलेल्या दिवशी भेट झाली की नाही, एवढे प्रत्येक ग्रामसभेने विचारावे.