ब्रश कुठे थांबवायचा?

(कोपर येथे घरातील जुन्या फोटोंविषयी झालेल्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कुणी वसईच्या गाडीने वरच्या कोपरला उतरलं, कुणी लोकलने खालच्या कोपरला. रविवारची सकाळ मोडून तुम्ही आलात, याचा आनंद आहे. बऱ्याच जणांच्या पिशवीत घरचे जुने फोटो दिसताहेत. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझे मामू कल्याणला एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. हातातला ब्रश मी त्यांच्याकडे पाहिला आणि संगणकातला ब्रश नोकरीमुळे समजला. आज दोन्हींबद्दल बोलणार आहे, कारण मला एकच प्रश्न मांडायचा आहे: फोटोची दुरुस्ती कुठे संपते आणि बनावट कुठे सुरू होते?

आधी डार्करूममध्ये जाऊ. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की एन्लार्जरचा प्रकाश तिथे अडतो आणि कागदावर पांढरा ठिपका राहतो. हे ठिपके भरण्याच्या कामाला स्पॉटिंग म्हणतात. त्याला लागतं काय? तीन शून्य नंबरचा बारीक ब्रश, पाण्यात पातळ केलेला राखाडी रंग आणि एक भिंग. ब्रश रंगात बुडवायचा, टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि त्याचं टोक ठिपक्यावर फक्त टेकवायचं. ओढायचं नाही. रंग कागदावरच्या जिलेटिनमध्ये मुरतो. एकदा जास्त गडद झाला की काढणं कठीण, म्हणून फिकट रंग थोडा थोडा चढवत जायचा. मामू म्हणायचे, "डोळ्याला खुपेनासा झाला की हात उचल."

ब्रशच्या केसांबद्दलही सांगतो. या कामाला सेबलचा ब्रश नावाजलेला, पण कृत्रिम तंतूंचा बारीक ब्रशही चालतो. दुकानात मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर घेऊ नका. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने याविरुद्ध अनेक राज्यांत छापे घातले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रिंटवर फिरणारा हा ब्रश फोटो फक्त गडद करू शकतो, उजळ करू शकत नाही. उजळ करायचं असेल तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवतात. पेन्सिलीचं शिसं प्रकाश अडवतं, त्यामुळे प्रिंटमध्ये ती जागा फिकट होते. सुरकुत्या, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशीच घालवली जात. आणि याच वाटेने रिश्त्यासाठी काढलेल्या फोटोतली सावळी मुलगी दोन छटा गोरी होऊन घरी यायची. ही मागणी पेन्सिलीची नव्हती, आपली होती. पण त्या कामाला वेळ लागायचा, पैसे पडायचे, कसबी हात लागायचा. त्यामुळे बदलाला आपोआप थोडी मर्यादा होती.

संगणकात ती मर्यादा गेली. तिथला ब्रश म्हणजे एक छोटा ठसा. तुम्ही पेन ओढता तेव्हा सॉफ्टवेअर तो ठसा अगदी जवळजवळ उमटवत जातं, म्हणून आपल्याला सलग रेघ दिसते. पेनचा दाब वाढला की ठसा मोठा किंवा गडद होतो. कृता आणि गिंप ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. चित्र काढायला कृता, फोटो दुरुस्तीला गिंप घ्या. फोटोशॉप १९९० मध्ये आलं आणि त्यात हीलिंग ब्रश २००२ मध्ये आला. हा ब्रश एका जागेचा पोत उचलतो आणि दुसऱ्या जागेच्या उजेडाशी, रंगाशी जुळवून बसवतो. मागच्या भिंतीवरचा ओरखडा त्याने बेमालूम जातो. पण डोळ्यावर फिरवलात तर तो दुसरीकडची कातडी आणून डोळ्यावर चिकटवेल.

आणि आता एआयची अ‍ॅप आली आहेत. अंधूक फोटो टाका, क्षणात पापण्यांसकट स्वच्छ चेहरा मिळतो. इंजिनीअर म्हणून सांगतो, जो तपशील फोटोत नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर त्यातून काढू शकत नाही. ते इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं.

एक उदाहरण देतो. २६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या भागातल्या किती घरांत पाणी शिरलं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या पुरात भिजलेला एक फोटो आमच्या ओळखीच्या एका खालांनी माझ्याकडे आणला. त्यांच्या सासूबाईंचा तो एकमेव फोटो. डावा गाल पूर्ण विरघळलेला. त्यांची मुलगी म्हणाली, "भाई, दादीचा गाल अ‍ॅपने भरून टाका ना." खाला म्हणाल्या, "त्यांच्या गालांवर देवीचे वण होते." अ‍ॅपने तिथे गुळगुळीत गाल बसवला असता आणि नातवंडांनी तोच खरा मानला असता. आम्ही मागची भिंत, ओढणीची कड आणि धुळीचे ठिपके दुरुस्त केले. गेलेला गाल साध्या राखाडी रंगाने शांत केला आणि तसाच ठेवला. नव्या प्रिंटच्या मागे खालांनी वणांबद्दल आणि सासूबाईंबद्दल चार ओळी लिहिल्या.

म्हणून आज काम करताना एवढं पाळू या. मूळ फोटो आधी ६०० डीपीआयला स्कॅन करायचा आणि त्या फाइलला हात लावायचा नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. ब्रश नेहमी वेगळ्या लेयरवर चालवायचा, म्हणजे केलेलं काम केव्हाही काढता येतं. धूळ, ओरखडे, डाग खुशाल घालवा. चेहऱ्याची ठेवण, कातडीचा रंग, फोटोतली अक्षरं बदलू नका. आणि काय दुरुस्त केलं ते फोटोमागे लिहा, तारखेसह.

ज्यांच्या घरातल्या जुन्या माणसांचा कागदोपत्री फारसा माग राहिलेला नाही, त्यांच्यासाठी असा एखादा फोटो हा पुरावाच असतो. तो गोरा, गुळगुळीत करून आपण आपलाच पुरावा खोटा पाडतो.

स्कॅनर दाराजवळच्या टेबलावर आहे. ज्यांचे फोटो भिजलेले आहेत त्यांनी आधी यावं.