पदवीनंतरचे ताटकळणे



गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्यांचा दिवस उजाडत असे, त्या सोलापूरकरांना बदली कामगार म्हणजे कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कायम हजेरीपटावर नाव नसलेला हा मनुष्य पाळीच्या वेळी जुन्या मिलच्या किंवा लक्ष्मी-विष्णूच्या फाटकाशी उभा राही, कोणी गैरहजर असल्यास त्याच्या जागी साच्यावर लागे आणि नसल्यास डबा घेऊन तसाच घरी परते. ती अवस्था कष्टाची होती, अपमानाचीही होती. परंतु आज काम आहे की नाही याचा निकाल त्याला पाळी लागताच कळे, आणि फाटकाशी तो एकटा नसे.

त्या गिरण्या बंद पडल्या. पुढे 1 ऑगस्ट 2004 रोजी या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, 2019 साली त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव लाभले, आणि ज्या घरांत मॅट्रिकच्या पुढे कोणी गेले नव्हते त्या घरांत पदव्या आल्या. ही सामान्य गोष्ट नव्हे. शिक्षण वाढले म्हणून बेकारी वाढली, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पदवीस साजेसे काम मात्र त्या प्रमाणात आले नाही. आजचा पदवीधर त्या बदली कामगारासारखाच ताटकळतो, पण निकाल केव्हा लागेल हे त्याला कळत नाही, आणि तो एकटा असतो.

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मुलीचेच पाहा. आई विड्या वळते आणि तिची मजुरी हजारी हिशेबाने ठरते. मुलगी एम. कॉम. झाली आहे. बारावी झालेल्या मुलालाही सहज जमेल असे बिले फाडण्याचे काम ती एका टॉवेलच्या पेढीवर दिवसभर करते आणि सायंकाळी अभ्यासिकेत जाऊन बसते. तेथे तिच्या टेबलाच्या फळीवर भरती-परीक्षांच्या तारखांचा एक पाठकोरा कागद चिकटवलेला असून, त्यावरील दोन तारखा खोडून शेजारी नव्या लिहिल्या आहेत. सरकारदरबारी तिची गणना रोजगार असलेल्यांतच होईल. पण तिची रात्रीची झोप उडाली आहे, आणि ‘सध्या काय करतेस?’ हा प्रश्न टाळण्यासाठी तिने लग्नकार्यांना जाणेही सोडले आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 सालच्या भारतविषयक अहवालानुसार, 2022 मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारी 29.1 टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील 3.4 टक्के होती. कारण उघड आहे, ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला रिकामे राहणे परवडत नाही. महाराष्ट्रात 2023 साली तलाठ्यांच्या 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार! अशा ठिकाणी निवड न होणे हा नालायकीचा पुरावा कसा ठरावा? या मुलांची चिंता दुबळ्या मनातून उपजलेली नाही. वस्तुस्थितीचे त्यांनी केलेले वाचन अचूक आहे. तरीही ज्यांना ही चिंता असह्य झाली असेल त्यांनी संकोच न धरता 14416 या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीत बोलता येते.

महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट उत्तीर्ण अध्यापकही याच पंक्तीतले. घेतलेल्या तासांपुरतेच त्यांना मानधन मिळते आणि सुट्टी लागली की तेही थांबते. शासनाने 2024 साली काढलेल्या कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन मिळाले, त्याचा आधार अनेकांना झाला. पण मुदत संपताच पुढे काय, हा प्रश्न होता तेथेच राहिला. भरतीचे वेळापत्रक जाहीर करावे आणि कायद्याने बांधल्याप्रमाणे पाळावे, एवढे जरी घडले तरी या मुलांना आपल्या आयुष्याची काही आखणी करता येईल.

आणि सारा भार मंत्रालयावर टाकून आपणास मोकळे होता येणार नाही. आपल्या शहरातील टॉवेल परदेशी जातात. त्यामागे निर्यातीची कागदपत्रे, जमाखर्च, रंगांचे रसायनशास्त्र असे पदवीधराच्या बुद्धीस आव्हान देणारे काम कितीतरी आहे. त्या मुलीकडून मात्र केवळ बिले फाडून घेतली जातात. पगार रोखीने हाती पडतो, नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि अनुभवाचा दाखला मागितला तर ‘बघू पुढे’ एवढेच उत्तर मिळते. तो दाखला देण्यास कोणत्याही सरकारी हुकुमाची गरज नाही. पेढीच्या छापील कागदावर चार ओळी लिहून मालकाने खाली सही करायची असते. आपल्या व्यापारी बंधूंनी निदान एवढे तरी या महिन्यात करावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.