तुळशीचें तळें



बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत तुळशी नांवाचें एक तळें आहे. पिण्याच्या पाण्यासाठीं तें राखलेलें असल्यामुळें तेथें जाण्याची सर्वांस मुभा नाहीं. परंतु कान्हेरीच्या लेण्यांवरून माथ्याकडे चढत गेलें, म्हणजे त्याचें दुरून दर्शन घडतें. एवढीं वर्षें उपनगरांत काढून मीं तें गेल्या श्रावणांत, नातवाचा हात धरून, प्रथमच पाहिलें.

सर नुकतीच ओसरली होती. चोहोंकडे हिरव्यागार टेकड्या आणि मध्यें ढगांच्या रंगाचें निश्चल पाणी. होडी नाहीं, घाट नाहीं, माणूस नाहीं. आगगाडीच्या रुळांपासून इतक्या जवळ एवढी शांतता असेल, हें मला खरें वाटेना.

"आजोबा, हें तळें कोणीं केलें?" नातवानें विचारलें, आणि मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला.

तो जंगलांतल्या एका पाड्यावरून चालत शाळेंत येई. भूगोलाच्या परीक्षेंत 'नैसर्गिक सरोवरें' ह्या सदराखालीं सर्व मुलांनीं, मी शिकविल्याप्रमाणें, विहार व तुळशी हीं नांवें लिहिलीं. ह्यानें लिहिलें, 'हीं तळीं माणसांनीं बांधलीं.' मीं तांबड्या शाईची फुली मारली. "आजा सांगतो, गुरुजी," असें तो पुटपुटला, तेव्हां वर्ग हसला. मीही हसलों.

आजा खरें तेंच सांगत होता. शहरांतील विहिरी व तळीं उन्हाळ्यांत आटूं लागलीं, तेव्हां कॉनिबेअर नांवाच्या इंजिनिअराच्या योजनेनें मिठी नदी अडवून १८६० सालीं विहार तलाव पुरा झाला. तोही अपुरा पडला, म्हणून तासो नदीस बांध घालून १८७९ सालीं तुळशी तलाव झाला. आज मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांत तो सर्वांत धाकटा. शहराची खरी तहान भातसा, वैतरणा, तानसा भागवितात. पावसाळ्यांत तुळशी भरून वाहूं लागला, कीं पाणी विहारमध्यें उतरतें, आणि विहार भरला कीं मिठी नदीच्या वाटेनें थेट कुर्ल्याच्या वस्तींतून जातें. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं सोसला, त्यांस ही वाट निराळी सांगावयास नको.

कान्हेरीच्या भिक्षूंनीं तर हें काम कितीतरी शतकें आधीं केलें होतें. कातळांत बारीक पन्हळी खोदून त्यांनीं पाऊस लेण्यालेण्यांपाशीं टांक्यांत उतरविला. नातू एका टांक्याच्या कांठीं बराच वेळ ओणवा होऊन बसला. मला त्याला उठवावेंसें वाटलें नाहीं.

परततांना वाटेवर डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई भेटली. नळ नाहीं का, असें मीं विचारलें. "तळें मुंबईचं हाय, बाबा. आमची हीर," असें म्हणून ती पुढें गेली.

पुढच्या सोमवारीं मीं शाळेंत जाऊन जुनीं दाखलबुकें काढविलीं. त्या मुलास पत्र लिहावें, फुली माझी चुकली असें कळवावें, एवढाच हेतु होता. नांव सांपडलें. पत्त्याच्या रकान्यांत, माझ्याच हस्ताक्षरांत, 'जंगल' एवढाच एक शब्द आहे.