शिस्त हवी, पण ती माराने येते का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज मी परतफेडीवर बोलणार नाही, मुलांच्या शाळेवर बोलणार आहे. गटाच्या बैठकीत कर्जाचं बोलणं संपलं की शाळेचा विषय निघतोच. एक ताई म्हणतात, "गुरुजींनी दोन फटके दिले तर काय बिघडलं? आम्ही मार खाऊनच शिकलो." दुसऱ्या म्हणतात, "माराच्या भीतीनं माझा पोरगा रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतो." दोघींनाही पोराचं भलंच हवंय.

आधी कायदा सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. म्हणजे छडी नको, तसंच वर्गासमोर 'ढ' म्हणून हिणवणंही नको. "मारा गुरुजी, आमची हरकत नाही" असं आपण म्हटलं, तरी कायदा बदलत नाही.

शिक्षकांचंही ऐकायला हवं. एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असतात. ते विचारतात, "हात लावायचा नाही, मग पोरं ऐकणार कशी?" प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर आपल्या गटातच आहे. ठरलेल्या दिवशी बैठक, नियमित बचत, वेळेवर परतफेड, चोख हिशोब. ही शिस्त कोणाच्या छडीनं आली? नियम आपण सगळ्यांनी मिळून केले, ते सगळ्यांना सारखे. एखादीचा हप्ता चुकला तर आपण तिला मारत नाही. आधी विचारतो, "काय अडचण झाली गं?" वर्गातले नियमही मुलांशी बोलून ठरवता येतात. आणि घरी आपणच उलथनं उगारत असलो, तर शाळेला कोणत्या तोंडानं सांगणार?

आता सुरक्षिततेचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींचं प्रकरण ऐकून आपण सगळ्या हादरलो. त्यानंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी बसवायला सांगितलं. ते हवंच. पण कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही, आणि मुलाच्या मनातलं तर नाहीच. मूल तोंड उघडेल तेव्हाच कळेल. ज्या मुलाला मोठ्या माणसाचा धाक बसलाय, ते "सांगितलं तर मलाच मार बसेल" म्हणून गप्प राहतं. म्हणून मला वाटतं, धाक मुलाला सुरक्षित ठेवत नाही, एकटं पाडतो.

असं काही कळलं तर गावात बसून मिटवायचं नाही. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलींना आणि मुलांनाही लागू आहे. माहिती असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

अजून एक. काळजी वाटली की आपण पहिल्यांदा पोरीचीच शाळा बंद करतो. वाटेवर त्रास देतो दुसरा, आणि घरी बसते आपली लेक. मग वर्षभरात स्थळं बघायला सुरुवात. याला सुरक्षितता म्हणायची का? त्यापेक्षा चार घरच्या मुली एकत्र पाठवू, एसटीच्या वेळेसाठी ग्रामसभेत ठराव मांडू, त्रास देणाऱ्याच्या घरी गटानं मिळून जाऊ.

हे करायला आपल्या हातात अधिकार आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. पण पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरी येतं, ताई सही करतात, संपलं. बचतीच्या वहीवर न वाचता सही कराल का? मग इथं का करता?

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटानं तीन कामं करायची. समितीत आपल्यातल्या कोण आहेत ते शोधायचं. पुढच्या बैठकीला त्यांनी स्वतः जाऊन तीन गोष्टी विचारायच्या: तक्रारपेटी कुठे आहे, ती कोण उघडतं, मुलींचं स्वच्छतागृह वापरात आहे का. आणि रोज रात्री जेवताना मुलाला मार्कांच्या आधी एवढंच विचारायचं, "आज शाळेत कसं वाटलं?" उत्तर काहीही आलं, तरी ओरडायचं नाही. आधी पूर्ण ऐकायचं.

पुढच्या सभेत कोणत्या गटानं काय केलं ते मी विचारणार आहे.