झाड उभे विकू नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



मी भिवंडी तालुक्यातला भातवाला. तुम्ही कापूस-ज्वारीवाले. तरी आपली ओळख जुनी आहे. कापसाचे सूत होते आणि ते आमच्या भिवंडीच्या मागांवर येते. तुम्ही कापूस विकता क्विंटलच्या भावाने आणि कापड घेता मीटरच्या भावाने. मधली कमाई कुठे जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आज त्याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या मालाबद्दल बोलायचे आहे. तो माल म्हणजे बांधावरचे झाड.

भिवंडी मागांची, तशी लाकडाचीही. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात झाली. मागे सागाचे, ऐनाचे रान होते म्हणून ते जमले. तरुणपणी मीही एका वखारीत ओंडके ढकलले आहेत.

त्याच काळात वडिलांनी शेतातले दोन ऐन आणि एक आंबा उक्ता विकला. तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, सगळे ठेकेदाराने बघायचे. आम्हाला बसल्या जागी पैसे मिळाले, आम्ही खूश. पुढल्या वर्षी घराला दोन चौकटी आणि थोड्या फळ्या लागल्या. वखारीत गेलो. तीन झाडांचे जे आले होते ते सगळे त्यात गेले, वर पदरचे घालावे लागले. कोणी आमच्या खिशात हात घातला नव्हता. त्याला मोजता येत होते, आम्हाला येत नव्हते, एवढाच फरक.

मोजायला शिका

वखारीतले मोजमाप अवघड नाही. ओंडक्याचा मधला घेर फुटात घ्या. त्याला 4 ने भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग लांबीने गुणा. घेर 4 फूट, लांबी 8 फूट, तर 8 घनफूट. खरा गोल हिशेब केला तर त्या ओंडक्यात 10 घनफुटांहून थोडे जास्त लाकूड असते. साल आणि कडेच्या फाकांची घट म्हणून ही सूट धरतात. धरू द्या. पण उक्ता सौदा करणाऱ्याला आपण ही सूट दिली, हेही कळत नाही. म्हणून पहिले हत्यार करवत नाही, मोजपट्टी आहे.

यंत्र ओंडक्याकडे

वखारीत पट्टी जागेवर फिरते आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे जातो. फिरत्या बँडसॉ मशीनमध्ये उलटे असते. ओंडका जमिनीलगत पडून राहतो, आडवी पट्टी रुळावरून त्याच्या अंगावरून जाते. अमेरिकेत अशी यंत्रे 1980 नंतर शेतकऱ्यांच्या दारात पोचली. आता ती आपल्या देशातही मिळतात.

फायदा दुहेरी आहे. जड ओंडका गाडीत चढवून गावाबाहेर न्यावा लागत नाही. शिवाय पट्टी पातळ असते. मोठी गोल करवत एका कापात 6 मिलिमीटरपर्यंत लाकडाचा भुसा करते, ही पट्टी साधारण 2 मिलिमीटर. आठ काप घेतले तर 32 मिलिमीटर लाकूड वाचते. म्हणजे इंचाच्या एका फळीहून जास्त.

मांडणीत घाई नको. जागा टणक पाहा. रूळ पाणसळीने बसवा. रूळ वाकडा तर फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. ओंडका पाचरी मारून पक्का करा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार, खिळे असतात. आधी शोधा, एका खिळ्याने पट्टीचे दात जातात. काप लाटेसारखा यायला लागला की पट्टी बोथट झाली किंवा ताण उतरला असे समजा. जोर लावू नका, थांबा आणि बघा. धोतराचा सोगा, उपरणे, पदर मशीनजवळ नको. मळणी यंत्रात गेलेले हात आपण गावोगाव पाहिले आहेत.

चिरल्यावर फळ्या उन्हात टाकल्या तर तुमच्या भागातल्या उन्हाळ्यात त्या तडकतील, वाकतील. टोकांना ऑइलपेंट लावा. सावलीत, दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थर रचा, वर वजन ठेवा. इंचाची फळी वाळायला काही महिने लागतात, कधी वर्षही. तेवढी कळ काढायची तयारी हवी.

परवाना आधी, मशीन नंतर

आता कडू गोष्ट. घरच्या जागेवर, चाकावरचे मशीन, मग कोण विचारतो, असे म्हणू नका. यंत्राच्या जोरावर लाकूड चिरणे सॉ मिलच्या कायद्याखाली येते. केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल उघडू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 30 ऑक्टोबर 2002 रोजी गोदावर्मन खटल्यात दिला. 2016 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर हा विषय राज्यस्तरीय समितीकडे आला. झाड तोडायलाही 1964 चा राज्याचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, ऐन त्याच्या यादीत आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी वन विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

हे योग्य आहे का? माझे झाड, माझे रान, आणि फळी पाडायला परवाना! जंगल वाचले पाहिजे, यात वाद नाही. पण बांधावर लावलेले झाड म्हणजे जंगल नव्हे. 2017 मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. जून 2025 मध्ये शेतजमिनीवरील झाडतोडीसाठी केंद्राने नमुना नियम काढले. दार किलकिले झाले आहे. आपल्या बांधावरचे लाकूड चिरण्यापुरती सोपी परवानगी मागणे, हे आता आपले काम.

आणि मशीन एकट्याने घेऊ नका. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर असून असून किती झाडे? काही दिवसांत संपतील आणि मशीन गंजत पडेल, हप्ता मात्र गंजत नाही. दहा गावांत मिळून एक, मळणी यंत्रासारखे फिरते ठेवा. परवाना, हिशेब, पट्टीला धार लावणारा माणूस, सगळे आधी ठरवा.

तोपर्यंत एवढे करा. घरी गेल्यावर बांधावरच्या प्रत्येक झाडाचा घेर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी ठेकेदार दारात आला की वही उघडा. सौदा तिथूनच बदलेल.