घरबसल्या परदेशची चाकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, याचे कारण मला ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात आपल्या आळीतल्या तिघी सुनांना आणि एका लेकीला असे काम मिळाले. त्यांच्या घरची वडीलधारी माणसे मला देवळाच्या वाटेवर गाठून विचारतात, "अगं, कधी न पाहिलेला मालक खरेच पैसे देतो का?" माझ्याविषयी तर कित्येकींची अजून अशी समजूत आहे, की मी दुपारी दीड वाजता दार लावून घेते ते झोपण्यासाठी. तेव्हा आज सर्वांसमक्ष एकदाच काय ते सांगून टाकते.

मी इंग्लंडातल्या एका हिशेबनिसांच्या पेढीचे काम करते. तिकडचे लहान दुकानदार, नळदुरुस्ती करणारे, केशकर्तनालयवाले यांची बिले आणि बँकेचे उतारे संगणकावर माझ्याकडे येतात. ते मी वहीत नोंदवते. वही म्हणायची आपली सवय, वही कुठली! मग बँकेशी ताळा जमवायचा आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्या व्हॅट कराचे विवरण तयार करून द्यायचे. पूर्वी पेठेतले दिवाणजी जे करीत तेच हे. दुकान तेवढे समुद्रापलीकडे.

तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपले घड्याळ बिचारे बारा महिने एकच. म्हणून माझे काम उन्हाळ्यात रात्री साडेनऊला सुटते आणि थंडीत साडेदहाला. अमेरिकेचे काम करणाऱ्या मुलींचे हाल याहून अधिक. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. ऐन दिवेलागणीला त्यांची कचेरी उघडते आणि उत्तररात्री मिटते.

आता हळदीकुंकवाविषयी, कारण त्यावरून माझ्यावर रुसवे आहेत. इंग्लंडात व्यक्तीने आपल्या प्राप्तिकराचे विवरण संगणकावरून भरण्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी. जानेवारीचे शेवटचे पंधरा दिवस आम्हांला मान वर करायला फुरसत नसते. आणि आपले हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत! रथसप्तमी फेब्रुवारीत आली, तर उरलेल्या दिवसांत मी सगळ्यांची घरे गाठते. जानेवारीतच आली, तर तुम्ही वाण घरी पाठवून देता, हे तुमचे उपकार मी विसरलेली नाही. पण मागच्या वेळी एका वहिनींनी म्हटले, "घरातच तर असता, पाच मिनिटे यायला काय झाले?" त्या वाक्याचे मला आजही वाईट वाटते. बँकेत काउंटरवर बसलेल्या बाईला आपण असे म्हणत नाही. घरी असलेली बाई मोकळीच असते, हे आपण बायकांनीच एकमेकींविषयी गृहीत धरलेले आहे.

हा प्रकार अगदी नवा आहे असेही नाही. १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्ली या बाईंनी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली, अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर. नाझींच्या तडाख्यातून वाचवण्यासाठी १९३९ साली आगगाडीने इंग्लंडात धाडलेल्या मुलांपैकी त्या एक. लग्न झाले, मूल झाले म्हणून नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बायका त्यांनी हुडकल्या आणि त्यांना घरूनच काम दिले. पहिल्या तीनशे जणांत पुरुष तिघेच होते. पत्राखाली बाईचे नाव दिसले की उत्तर येत नसे, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. घरात बाळ रडत असताना फोन आला, तर पलीकडच्याला कचेरी वाटावी म्हणून त्या टंकलेखनाच्या आवाजाची फीत लावीत. काँकॉर्ड विमानातल्या 'ब्लॅक बॉक्स'चे प्रोग्रॅमिंग या घरी बसलेल्या बायकांनी केले! शर्लीबाई २०२५ साली, एक्याण्णवाव्या वर्षी वारल्या. ती फीत मलाही हवी होती असे पुष्कळदा वाटते. आमच्याकडे मीटिंग सुरू झाली की नेमकी कुकरची शिट्टी होते.

आता गमतीचे पुरे. माझ्या एका भाचीची हकीकत सांगते. तिला परदेशी कंपनीचे काम होते, पैसा चांगला, घरात कौतुक. सहावा महिना लागला तेव्हा तिने रजेविषयी विचारले. उत्तरात अभिनंदन आले आणि सोबत, करार पंधरा दिवसांत संपत असल्याची सूचना. आपल्या देशात आस्थापनेत नोकरीला असलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्याने मिळते. पण भाची त्या कंपनीची नोकर नव्हतीच. करारात तिचे नाव 'स्वतंत्र कंत्राटदार' असे होते. तो करार तिच्या सासरी कोणी वाचला नव्हता; सगळ्यांनी आकडा तेवढा वाचला होता.

म्हणून सुनेला काम मिळाले की आधी हे विचारा: तिचे नाव कोणाच्या पटावर आहे? काही परदेशी कंपन्या इथल्याच एखाद्या कंपनीमार्फत रीतसर नोकरीवर घेतात. मग कर कापला जातो, भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा पडतो, रजा मिळते. ते नसेल, तर ती नोकरी नाही. तुमची सून एकटीने दुकान चालवते आहे असे समजा. परदेशी गिऱ्हाईक आपल्या सरकारचा कर कापून ठेवत नाही. वर्षाचा कर दहा हजारांच्या वर जाणार असेल, तर सर्वसाधारणपणे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर आपणच भरायचा. काही व्यवसायांना तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो; तुमचे काम त्यांत बसते का, हे सनदी लेखापालाला विचारा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणीही आली, परदेशी दिलेल्या सेवेवर कर शून्य असला तरी. पैसे आल्याचा बँकेचा दाखला दर वेळी मागून घ्या आणि दागिन्यांच्या पावत्यांसारखा जपा.

येणारा सगळा पैसा खर्चाचा नव्हे. मी कराचा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकते, पीपीएफ भरते, आणि सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवते, कारण काम एका ई-मेलने जाते. करारात बहुधा त्यांच्याच देशाचा कायदा लागू असतो. एका महिन्याच्या पैशासाठी लंडनच्या कोर्टात कोण जाणार? म्हणून थकबाकी साचू देऊ नका. पहिले बिल चुकते झाल्याशिवाय दुसऱ्या महिन्याचे काम मी हातात घेत नाही. आणि काम देण्याआधी जो 'डिपॉझिट' मागतो, त्याला वाटेला लावा.

वडीलधाऱ्या बायकांकडे माझे एक मागणे आहे. सुनेला एक दार द्या, जे लावता येईल. आमच्या सासूबाईंनी देवघराशेजारची खोली रिकामी करून दिली आणि दुपारी बेल वाजली की त्या स्वतः उठतात. गॅसवाला, कुरियर, पाहुणा, कोणीही असो. गुडघे दुखत असूनही उठतात. माझ्या कामातला तो वाटा कुठल्याही बिलात येत नाही.

अध्यक्षाबाईंनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आवरते घेते. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी अशी कामे आली आहेत त्यांनी करारपत्र घेऊन यावे, आपण ओळ न् ओळ वाचू. आणि सुनेला एकटीला पाठवू नका, तुम्हीही या. मला त्या वेळी सवड असते. आमच्या साहेबांच्या गावी अजून उजाडायचे असते.