बँकॉकच्या नावात विश्वकर्मा आहे, खणणारे नाहीत

आजचं शहर असं आहे की तुमच्या ग्रुपमधलं कोणीतरी तिथे नक्की जाऊन आलंय. निदान स्टेटस तरी ठेवलंय. बँकॉक!

पण थांबा, बीच आणि मार्केटबद्दल आज काही नाही. आज हे शहर वसलं कसं, ते बघूया.

सुरुवात एका खेळाने करू. मी बँकॉकचं पूर्ण अधिकृत नाव म्हणतो, तुम्ही ओळखीचे शब्द मोजा. तयार? क्रुंग थेप महानखोन आमोन रत्तनकोसिन महिन्तरायुत्थया महादिलोक फोप नोप्फरत राचथानी बुरीरोम उदोमराचनिवेत महासथान आमोन फिमान अवतान सथित सक्कथत्तिय वित्सनुकम प्रसित.

हुश्श! किती सापडले? मी मदत करतो. थेप म्हणजे देव. महानखोन म्हणजे महानगर. आमोन म्हणजे अमर. नोप्फरत म्हणजे नवरत्न, राचथानी म्हणजे राजधानी, महासथान म्हणजे महास्थान. फिमान म्हणजे विमान, देवांचं. अवतान म्हणजे अवतार. सक्क म्हणजे शक्र, म्हणजे इंद्र. आणि वित्सनुकम म्हणजे आपला विश्वकर्मा. संस्कृत आणि पाली शब्द थाई जिभेवर असे वळलेत. जगातलं सगळ्यात लांब गावाचं नाव म्हणून हे ओळखलं जातं. थाई लोक रोजच्या बोलण्यात नुसतं क्रुंग थेप म्हणतात. बँकॉक हे नाव मुख्यतः आपल्यासारखे बाहेरचे वापरतात.

अर्थ साधारण असा: देवांची नगरी, इंद्राच्या रत्नाचं घर, जिंकता न येणारी, इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने बांधलेली. यातले तीन शब्द लक्षात ठेवा: अयुत्थया, रत्न आणि विश्वकर्मा. आजचा एपिसोड या तीन शब्दांवरच आहे.

पहिला शब्द: अयुत्थया

म्हणजे अयोध्या. बँकॉकच्या उत्तरेला साधारण ७०-८० किलोमीटरवर अयुत्थया नावाचं शहर आहे. १३५१ पासून चारशेपेक्षा जास्त वर्षं ती सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी होती. तिन्ही बाजूंनी नद्या, चौथ्या बाजूला खणलेला कालवा, म्हणजे शहर एक बेटच. चिनी, जपानी, पर्शियन, पोर्तुगीज, डच, सगळे व्यापारी तिथे यायचे.

त्या काळी बँकॉक काय होतं? चाओ फ्राया नदीच्या काठावरचं एक छोटं नाकं. अयुत्थयाला जाणारी जहाजं इथे थांबून जकात भरायची. बँकॉक या नावाबद्दल एक मत असं आहे की ‘बांग’ म्हणजे पाण्याकाठचं गाव आणि ‘मकोक’ म्हणजे आपल्या कोकणात, गोव्यात मिळणाऱ्या आंबाड्याच्या जातीचं आंबट फळ. आंबाड्याचं गाव! आणि गंमत बघा, आज राजवाड्यासमोरून जी रुंद नदी वाहते ना, तो मुळात माणसांनी खणलेला कालवा आहे. इथे नदीला मोठं वळण होतं. सोळाव्या शतकात जहाजांचा वेळ वाचावा म्हणून शॉर्टकट खणला. नदीने तोच रस्ता धरला, आणि जुनं पात्र कालव्याएवढं उरलं.

मग आलं १७६७. बर्मी सैन्याने वर्षभराहून जास्त काळ अयुत्थयाला वेढा घातला होता. एप्रिलमध्ये शहर पडलं. देवळं, राजवाडे, ग्रंथ, सगळं जाळलं. हजारो माणसं कैदी करून बर्मात नेली. जे उरले ते जंगलात पळाले.

त्यातून ताक्सिन नावाच्या सेनापतीने राज्य पुन्हा गोळा केलं. त्याचे वडील चिनी होते. त्याने राजधानी केली थोनबुरी, म्हणजे नदीचा पश्चिम काठ, बँकॉकच्या अगदी समोर. पंधरा वर्षांनी, १७८२ मध्ये, बंड झालं. ताक्सिनला मारलं, आणि त्याचाच सेनापती चक्री गादीवर बसला. हा पहिला राम. आजचं थाई राजघराणं त्याचंच.

गादीवर आल्या आल्या त्याने राजधानी नदीपलीकडे, पूर्व काठावर नेली. २१ एप्रिल १७८२ ला पहाटे नगरस्तंभ रोवला. का नेली? बर्मी येणार पश्चिमेकडून, तर मध्ये नदी हवी. शिवाय पश्चिम काठ पाण्याने झिजत होता, आणि थोनबुरीचा वाडा दोन देवळांच्या मध्ये अडकला होता, वाढायला जागाच नाही.

पण पूर्व काठ काही मोकळा नव्हता. तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांना दक्षिणेला सांपेंग भागात हलवलं. आज तुम्ही जिथे स्ट्रीट फूडचे रील बनवता ते चायनाटाउन, त्याची सुरुवात या हलवाहलवीतून झाली.

राजाला नवं शहर नकोच होतं खरं तर. त्याला जुनंच परत हवं होतं. म्हणून पूर्वेकडून अर्धवर्तुळाकार कालवा खणून बँकॉकचंही बेट केलं. देवळांना अयुत्थयातल्या देवळांची नावं दिली. अयुत्थयाच्या पडक्या तटाच्या विटा होड्यांतून खाली आणून नव्या तटात बसवल्या. ज्यांची घरं डोळ्यांदेखत जळली होती, ती माणसं पुन्हा घर बांधत होती. ‘जिंकता न येणारी’ हे नावात का घातलं, हे मला तिथे कळतं.

दुसरा शब्द: विश्वकर्मा

नाव म्हणतं, शहर विश्वकर्म्याने बांधलं. थाई बखरी मात्र वेगळं सांगतात, आणि आकड्यांसकट. कालवा खणायला कंबोडियातून १०,००० ख्मेर माणसं आणली. तटाच्या कामाला लाओ प्रदेशातून ५,०००. खुशीने नाही, हुकमाने. हे प्रदेश तेव्हा सयामच्या दबावाखाली होते. तिकडे लढाईत जमिनीपेक्षा माणसं पकडून आणण्याला जास्त किंमत होती, कारण जमीन भरपूर आणि हात कमी. बर्म्यांनी अयुत्थयाच्या लोकांशी तेच केलं होतं.

म्हणजे बघा, आपल्याकडून ओढून नेलेल्या माणसांचं दुःख ताजं होतं. आणि तरी नवं शहर उभं राहिलं ते दुसऱ्यांकडून ओढून आणलेल्या माणसांवर.

तिसरा शब्द: रत्न

रत्तनकोसिन, इंद्राचं रत्न. हे रत्न म्हणजे बँकॉकमधली प्रसिद्ध पाचूची बुद्धमूर्ती. नाव पाचूची, पण ती आहे हिरव्या दगडाची, गुडघ्याएवढी उंच. राजवाड्याच्या आवारात तिचं देऊळ आहे. ही मूर्ती आधी कुठे होती? व्हिएंतियानमध्ये, आजच्या लाओसच्या राजधानीत, दोनशेहून जास्त वर्षं. १७७९ मध्ये सयामच्या सैन्याने व्हिएंतियान घेतलं आणि मूर्ती आणली. सेनापती कोण? हाच चक्री.

पुढे १८२० च्या दशकात व्हिएंतियानचा राजा अनुवोंग सयामविरुद्ध उठला. हरला. आणि १८२८ मध्ये बँकॉकच्या सैन्याने व्हिएंतियान जमीनदोस्त केलं. अयुत्थया जळल्याला तेव्हा जेमतेम साठ वर्षं झाली होती. व्हिएंतियानमध्ये त्या मूर्तीचं जुनं देऊळ नंतर पुन्हा बांधलं. आज ते म्युझियम आहे. मूर्ती बँकॉकमध्येच.

मी हे थाई लोकांना नावं ठेवायला सांगत नाहीये. त्या काळात बहुतेक राजधान्या अशाच उभ्या राहिल्या. पण ज्याचं शहर जळलं तो दुसऱ्याचं जाळणार नाही, असं आपण सहज धरून चालतो. बँकॉकचा इतिहास सांगतो की तसं होतंच असं नाही.

आता तुम्ही गेलात तर काय बघाल? खाओ सान रोडवर तर जाणारच. तिथून पाच-दहा मिनिटं चालत नदीकडे या. पांढरा फ्रा सुमेन किल्ला दिसेल. सुमेन म्हणजे सुमेरू. तटावरच्या १४ बुरुजांपैकी दोनच उरलेत, हा आणि महाकान, म्हणजे महाकाल. किल्ल्याशेजारी बांग लांफूचा कालवा नदीला मिळतो. पाणी शांत असतं, लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही जरा थांबा. हाच तो हातांनी खणलेला कालवा. एवढ्या लांबलचक नावात त्या हातांसाठी एकही शब्द नाही, पण कालवा अजून आहे.

तर मंडळी, आज इतकंच. नावातले किती शब्द ओळखलेत ते कळवा, आणि बँकॉकचं तिकीट काढलेल्या त्या एका मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा. पुढच्या वेळी भेटू दुसऱ्या शहरात. तोवर, काळजी घ्या!